पारा आणि पंप

दम्याच्या रुग्णाने पहाटे तीन वाजता उशीजवळचा पंप चाचपून दोन फवारे ओढले, तर त्याची नोंद कुठेच होत नाही. रुग्णालयात दाखल झाला तर होते, मृत्यू झाला तर होते. पण श्वसनविकारांचा फार मोठा भाग घरातल्या घरात, औषधाच्या आधाराने निभावून नेला जातो. हवामानाचा श्वासावर काय परिणाम होतो हे पाहायचं, तर फक्त दाखल झालेल्यांची संख्या मोजून भागत नाही. लोकांनी औषध किती घेतलं, कधी घेतलं, हे पाहावं लागतं.

फ्रान्समधल्या ल आव्र या बंदराच्या शहरात संशोधकांनी हाच मार्ग धरला होता. १९९३ ते १९९६ या काळात तिथल्या औषधदुकानांतून श्वसनाची औषधं किती खपली याचे आकडे त्यांनी शहराच्या प्रदूषणाच्या आकड्यांशेजारी मांडले. अशा अभ्यासात तापमानाचा हिशेब आधी वेगळा काढून ठेवावा लागतो. नाही तर थंडीने वाढलेला खप धुराच्या नावावर जमा होतो. अर्थात विक्री म्हणजे वापर नव्हे. कोणी गावी जाण्याआधी जादा पंप घेऊन ठेवतं, कोणाकडे महिनाअखेरीस पैसे नसतात. ही अडचण पुढे तंत्रज्ञानाने बरीच सोडवली. अमेरिकेतल्या लुईव्हिल शहरात शेकडो रुग्णांच्या पंपांवर छोटे सेन्सर बसवले गेले आणि कोणता फवारा कुठे, किती वाजता मारला गेला हे थेट नोंदता आलं. शहराचा नकाशा त्या फवाऱ्यांनी भरत गेला.

अशा नोंदींतून आणि रुग्णालयांच्या आकडेवारीतून एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. तापमान बदललं की श्वसनाच्या औषधांची मागणी बदलते, पण हा परिणाम एका सरळ रेषेत चालत नाही. पारा उतरला म्हणून त्याच दिवशी सगळ्यांची छाती भरत नाही, आणि पारा चढला म्हणून सगळ्यांना मोकळं वाटतं असंही नाही. तापमान निरनिराळ्या वाटांनी श्वासापर्यंत पोचतं आणि प्रत्येक वाटेला लागणारा वेळ वेगळा असतो.

सगळ्यात जवळची वाट नाकातून जाते. मोठा माणूस दिवसाला साधारण १०,००० लिटर हवा आत घेतो. ही हवा फुप्फुसाच्या खोल भागात पोचेपर्यंत ३७ अंश तापमानाची आणि बाष्पाने पूर्ण भरलेली व्हावी लागते. ३७ अंशांच्या संपृक्त हवेत दर घनमीटरला सुमारे ४४ ग्रॅम पाणी असतं. १० अंशांची हवा अगदी पूर्ण दमट असली तरी तिच्यात जेमतेम ९ ग्रॅम मावतं. उरलेलं पाणी शरीराला स्वतःजवळून द्यावं लागतं. शांत बसलेलं असताना नाक हे काम बिनबोभाट करतं. पण थंडीत पहाटे धावायला गेलेला माणूस तोंडाने श्वास घेऊ लागला, की हे काम थेट श्वासनलिकांवर येऊन पडतं. त्यांच्या अस्तरावरचा पाण्याचा पातळ थर आटतो, त्यातल्या क्षारांचं प्रमाण वाढतं, अस्तरातल्या काही पेशी चिडतात आणि नलिकांभोवतीचे स्नायू आवळणारी रसायनं सोडतात. निरोगी माणसाला थोडा खोकला येतो. दमेकऱ्याची छाती वाजू लागते. शिवाय नुसत्या चेहऱ्याला गार वारा लागला तरी मज्जातंतूंच्या प्रतिक्षिप्त क्रियेने श्वासनलिका काहीशा आकसतात. आपल्याकडे थंडीत कान बांधायची पद्धत आहे. दमेकऱ्याने कानांबरोबर नाक-तोंडही झाकावं, कारण मफलरमध्ये अडकलेली उच्छ्वासाची ऊब आणि ओल पुढच्या श्वासाला मिळते. हा बिनखर्चाचा उपाय खरोखर उपयोगी पडतो.

इथे एक शंका येते. थंड हवाच कारण असेल, तर फिनलंडमध्ये हाहाकार असायला हवा आणि अथेन्समध्ये आनंदीआनंद. १९९७ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोविंटर अभ्यासात नेमकं उलटं दिसलं. ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ विल्यम कीटिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फिनलंडपासून सिसिलीपर्यंतच्या प्रदेशांची तुलना केली. तापमान ठरावीक अंशांनी उतरलं, तर मृत्यूंत होणारी वाढ सौम्य हिवाळ्याच्या प्रदेशांत जास्त होती. कारण घरात आणि अंगावर सापडलं. बाहेर ७ अंश असताना दक्षिण फिनलंडमधल्या बैठकीच्या खोल्यांत सरासरी २१.७ अंश तापमान होतं, अथेन्समध्ये १९.२. त्याच तापमानात बाहेर पडणाऱ्यांपैकी फिनलंडमध्ये ७२ टक्के लोक टोपी घालत होते, अथेन्समध्ये १३ टक्के.

महाराष्ट्रातल्या वाचकाने हे आकडे लक्षपूर्वक वाचावेत. आपली घरं उन्हाळ्यासाठी बांधलेली आहेत. पत्र्याचं छप्पर, फरशी, नीट बंद न होणाऱ्या खिडक्या आणि घर तापवण्याची कुठलीही सोय नाही. डिसेंबर-जानेवारीत पुण्यात पहाटे १०-१२ अंश असतात आणि दुपारी २९-३०. निफाडसारख्या ठिकाणी पहाटेचा पारा याहूनही बराच खाली जातो. एकाच दिवसात अठरा-वीस अंशांचा हा चढउतार मुंबईकरांना समुद्रामुळे फारसा माहीत नसतो, पण देशावर तो रोजचा असतो. ‘आपल्याकडे कुठे एवढी थंडी पडते’ हे वाक्य म्हणूनच धोक्याचं आहे. थंडीचा त्रास बाहेरच्या पाऱ्याइतकाच घरातल्या तयारीवर अवलंबून असतो.

दुसरी वाट विषाणूंची, आणि माझ्या मते औषधांच्या खपावर सगळ्यात जास्त परिणाम तीच करते. सर्दीचा सर्वांत नेहमीचा विषाणू म्हणजे ऱ्हायनोव्हायरस. शरीराच्या आतल्या ३७ अंशांपेक्षा नाकातल्या ३३-३५ अंशांत त्याची वाढ चांगली होते. येल विद्यापीठातल्या एलेन फॉक्समन आणि अकिको इवासाकी यांच्या गटाने २०१५ साली उंदरांच्या श्वासमार्गातल्या पेशींवर प्रयोग करून यामागचं एक कारण दाखवलं. कमी तापमानाला त्या पेशींचा विषाणूविरुद्धचा पहिला प्रतिकारच मंद पडतो. त्याआधी २००७ साली न्यूयॉर्कमध्ये ॲनिस लोवेन, पीटर पालेसे आणि सहकाऱ्यांनी गिनीपिगांवर फ्लूचे प्रयोग केले होते. ५ अंशांच्या थंड आणि कोरड्या हवेत फ्लू एका प्राण्याकडून शेजारच्या पिंजऱ्यातल्या प्राण्याकडे सहज गेला, ३० अंशांना हवेतून गेला नाही.

पण विषाणूला वेळ लागतो. त्याने आधी कोणाला तरी गाठायचं, मग शरीरात वाढायचं, मग छातीत उतरायचं. कीटिंग यांच्या गटाच्या आकडेवारीत थंडीच्या लाटेनंतर हृदयविकाराचे मृत्यू दोन-तीन दिवसांत शिखर गाठत होते, श्वसनविकाराचे मात्र सुमारे बारा दिवसांनी. औषध कधी तयार ठेवायचं, याचं उत्तर या बारा दिवसांत आहे. हवामान खात्याने थंडीच्या लाटेचा इशारा दिला त्या दिवशी छाती ठीक असते. लाट ओसरते, ऊन पडतं, माणूस निर्धास्त होतो आणि मग धाप लागते. त्या वेळी त्याला थंडी आठवतही नाही, तो कालच्या आइस्क्रीमला किंवा दह्याला दोष देतो.

हा मुद्दा कॅनडातल्या एका उदाहरणाने फार स्पष्ट होतो. तिथे सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारनंतर शाळा उघडतात. त्यानंतर साधारण अडीच आठवड्यांनी, दरवर्षी, मुलांच्या दम्याच्या झटक्यांचं शिखर येतं. मॅकमास्टर विद्यापीठातले नील जॉन्स्टन आणि माल्कम सीअर्स यांनी या 'सप्टेंबरच्या साथी'चा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. सप्टेंबरात कॅनडात कडाका नसतो, हवा नुकती थंडावू लागलेली असते. वर्गात एकत्र आलेली मुलं एकमेकांना ऱ्हायनोव्हायरस देतात, हे एक कारण. दुसरं कारण जास्त बोलकं आहे. झटका येऊन रुग्णालयात आलेल्या मुलांची तुलना दमा असूनही घरी ठीक असलेल्या मुलांशी केली, तेव्हा आजारी मुलांमध्ये विषाणू जास्त सापडले, आणि सूज आवरणारं नियमित औषध घेणारी मुलं मात्र बरीच कमी होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत छाती मोकळी असते, पालकांना वाटतं औषधाची गरज नाही. ऋतू बदलतो तेव्हा नळ्यांचं अस्तर बेसावध असतं.

इथे दोन औषधांतला फरक नीट समजून घ्यायला हवा, कारण आपल्याकडचा सगळा घोळ तिथेच आहे. साल्बुटामॉलसारखं औषध आवळलेले स्नायू काही मिनिटांत सैल करतं. ते आराम देतं, आतली सूज मात्र तशीच राहते. बुडेसोनाइडसारखं ओढायचं स्टेरॉइड सूज कमी करतं, पण त्याला दिवस-आठवडे लागतात आणि घेताना ‘काही वाटत नाही’. थंडीत विक्री उसळते ती बहुतेक पहिल्या औषधाची. मी तिच्याकडे असं पाहतो: आराम देणारं औषध जेवढं जास्त खपतं, तेवढं नियंत्रण करणारं औषध आधी कमी पडलेलं असतं. दम्यावरच्या जागतिक मार्गदर्शक सूचना तयार करणाऱ्या 'जीना' या संस्थेने २०१९ साली भूमिकाच बदलली. मोठ्या माणसांना आणि किशोरवयीन मुलांना नुसतं साल्बुटामॉलवर ठेवू नये, सोबत ओढायचं स्टेरॉइड असलंच पाहिजे, असं तिने सांगितलं. दोनशे फवाऱ्यांचे तीन किंवा जास्त डबे वर्षभरात संपत असतील तर गंभीर झटक्याचा धोका वाढतो, बारा किंवा जास्त संपत असतील तर मृत्यूचा.

भारतात हा धोका पुस्तकी नाही. आजारांच्या जागतिक अंदाजांनुसार जगातल्या दम्याच्या रुग्णांपैकी सुमारे १३ टक्के आपल्या देशात आहेत, दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी मात्र ४० टक्क्यांहून अधिक. ‘पंपाची सवय लागते’ या भीतीने अनेक जण साल्बुटामॉलच्या गोळ्या घेतात. एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम औषध असतं. गोळीत २ किंवा ४ मिलिग्रॅम, म्हणजे वीस ते चाळीस पट. ते पोटातून रक्तात आणि रक्तातून सगळीकडे जातं. हात थरथरतात, छातीत धडधडतं, आणि आराम उशिरा मिळतो. पंप टाळून माणूस जास्त औषध घेतो, हे घरोघरी पोचायला हवं.

श्वसनाच्या तक्रारी आपल्याकडे किती आहेत याचा एक मोठा अंदाज पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनच्या डॉ. संदीप साळवी यांनी आणि सहकाऱ्यांनी केलेल्या पाहणीतून आला. १ फेब्रुवारी २०११ या एकाच दिवशी देशातल्या ८८० शहरांत आणि गावांत डॉक्टरांकडे आलेल्या २ लाखांहून अधिक रुग्णांची नोंद घेण्यात आली. निम्म्याहून अधिक रुग्णांना श्वसनाची काही ना काही तक्रार होती. दिवस हिवाळ्याच्या शेवटाकडचा होता हे ध्यानात ठेवूनही हा आकडा मोठा आहे.

पण थंडीवरच सगळं ढकलून चालत नाही. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या मनदीप चढ्ढा आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली भारतातल्या फ्लूचं वेळापत्रक मांडलं. श्रीनगरला फ्लूचं शिखर जानेवारी ते मार्चमध्ये येतं, युरोपसारखं. पण पुण्यासह देशाच्या मोठ्या भागात ते जुलै ते सप्टेंबरात, ऐन पावसात येतं. तापमान तेव्हा बेताचं असतं, हवा ओली असते, माणसं दारं-खिडक्या लावून एकत्र बसलेली असतात आणि भिंतींवर बुरशी चढलेली असते. आपल्या शाळाही जूनच्या मध्यावर उघडतात. याचा सरळ अर्थ असा, की फ्लूची लस घ्यायची असेल तर महाराष्ट्रातल्या वृद्धांनी आणि दमेकऱ्यांनी ती एप्रिल-मेमध्ये घेतलेली बरी. युरोपच्या पद्धतीने ऑक्टोबरची वाट पाहू नये.

तिसरी वाट धुराची. थंड रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार होते, वर चढत नाही आणि धूर जमिनीलगत साचतो. लंडनमध्ये ५ ते ९ डिसेंबर १९५२ या पाच दिवसांत असंच झालं. गारठ्यामुळे घरोघरी कोळसा जास्त जाळला गेला आणि तो धूर वर जाऊ शकला नाही. त्या वेळी सुमारे ४,००० मृत्यू मोजले गेले, पुढच्या अभ्यासांनी हा आकडा १२,००० पर्यंत नेला. थंडी आणि धूर यांना वेगळं करता येत नाही ते यामुळे. आपल्या शेकोट्या, पाणी तापवायचे बंब आणि कचरा जाळण्याची सवय यांचा धूर त्याच गार थरात राहतो. शेकोटीने ऊब मिळते हे खरं, पण जवळ बसलेल्या दमेकऱ्याला ती महागात पडते.

उन्हाळ्याचं काय? १९९० च्या दशकातल्या बारा युरोपीय शहरांच्या आकडेवारीत एक चकित करणारी गोष्ट दिसली. उष्णतेत हृदयविकाराने दाखल होणाऱ्यांची संख्या वाढली नाही, श्वसनविकारांची वाढली. ७५ वर्षांवरच्या लोकांत ती भूमध्य समुद्राजवळच्या शहरांत, ठरावीक मर्यादेपुढे चढलेल्या प्रत्येक अंशामागे साडेचार टक्क्यांनी वाढली. सीओपीडीच्या, म्हणजे वर्षानुवर्षांच्या धुराने फुप्फुस झिजलेल्या, माणसाला उकाड्यात शरीरातली जादा उष्णता बाहेर टाकणं अवघड जातं. त्यात कडक उन्हात वाहनांच्या धुरातून जमिनीलगतचा ओझोन तयार होतो. २०१२ साली अमेरिकेतल्या केंटकी विद्यापीठात मोजक्या सौम्य दमेकऱ्यांना चार मिनिटं सुमारे ४९ अंशांची दमट हवा श्वसनासाठी दिली. त्यांच्या श्वासनलिकांचा अडथळा दुपटीहून जास्त झाला. आधी मज्जातंतूंचे संदेश अडवणारं इप्राट्रोपियम हे औषध दिलं, तेव्हा हा परिणाम टळला. म्हणजे गरम हवाही मज्जातंतूंमार्फत नलिका आवळते. कोकणातल्या मे महिन्यात ‘कोंडल्यासारखं होतं’ म्हणणाऱ्या रुग्णाचं म्हणणं मनाचे खेळ म्हणून बाजूला सारू नये.

आणि कधी पारा एकाएकी कोसळतो. २१ नोव्हेंबर २०१६ रोजी मेलबर्नमध्ये दुपारी ३५ अंशांच्या आसपास तापमान होतं. संध्याकाळी वादळ आलं आणि काही मिनिटांत पारा दहा अंशांहून अधिक घसरला. वादळी वाऱ्याने राय गवताचे परागकण उचलले. एरवी हे कण नाकातच अडकण्याइतके मोठे असतात, पण ओलाव्याने ते फुटले आणि त्यांचे सूक्ष्म तुकडे थेट छातीत उतरले. एका दिवसात हजारो लोक रुग्णालयांकडे धावले, दहा जण दगावले. रुग्णालयांत पोचलेल्यांपैकी अनेकांना आपल्याला दमा आहे हेच माहीत नव्हतं, फक्त वसंतात शिंका येतात एवढंच ठाऊक होतं.

तापमान औषधावरही काम करतं. दाबाचा पंप अमेरिकेतल्या रायकर लॅबोरेटरीजने १९५६ साली बाजारात आणला. कंपनीचे प्रमुख जॉर्ज मेसन यांच्या दमेकरी मुलीने विचारलं होतं, केसांच्या स्प्रेसारख्या डबीतून औषध का मिळत नाही? त्या डबीत दाबाखाली द्रवरूप झालेला वायू असतो आणि त्याचा दाब तापमानावर ठरतो. कडाक्याच्या थंडीत स्वयंपाकाच्या गॅसचा सिलिंडर मंदावतो, तसाच गार पडलेला पंपही कमजोर फवारा देतो. हिमालयात फिरायला जाताना तो सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात न ठेवता अंगाजवळच्या खिशात ठेवावा. उलट ५० अंशांपुढे डबी फुटण्याचा धोका असतो, आणि विदर्भातल्या मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या आत तापमान सहज ६० च्या वर जातं. रोटाकॅप म्हणजे ओढायच्या औषधाच्या कॅप्सूलमधली भुकटी ओलाव्याने गोळा होते. पावसाळ्यात कॅप्सूल वापराच्या क्षणीच बाहेर काढावी.

ऋतू बदलताना मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय नेलं जाणारं आणखी एक औषध म्हणजे खोकल्याचं सिरप. विषाणूच्या सर्दीत लहान मुलांना त्याचा उपयोग फारसा नाही, धोका मात्र आहे. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागात साध्या ताप-खोकल्यासाठी दिलेल्या सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विष निघालं. मुलांची मूत्रपिंडं निकामी झाली. वीसहून अधिक मुलं गेली, त्यांतल्या बऱ्याच जणांवर शेवटी नागपुरात उपचार चालले होते. हवा बदलली की मुलाला खोकला होणार हे आईवडिलांना माहीत असतं. त्या खोकल्याला बहुतेक वेळा वाट पाहणं आणि पुरेसं पाणी एवढंच पुरतं, हे त्यांना कोणी सांगत नाही.

दमा ऋतूंच्या सांध्यावर उसळतो हे आपल्या समाजाने फार पूर्वी ओळखलेलं आहे. जूनच्या सुरुवातीला मृग लागला की हैदराबादला जिवंत मरळ माशातून दम्याचं औषध दिलं जातं आणि महाराष्ट्रातूनही लोक तिकडे जातात. कोजागरीला चांदण्यात ठेवलेल्या खिरीतून किंवा दुधातून औषध देण्याची प्रथा अनेक गावांत आहे. एक दिवस उन्हाळा आणि पावसाच्या सांध्यावर, दुसरा पाऊस आणि थंडीच्या. या औषधांनी दमा बरा होतो याला पुरावा नाही, आणि त्यांच्या भरवशावर रोजचं औषध सोडणं जिवावर बेतू शकतं. पण वेळेची निवड अचूक आहे. तारखा त्याच ठेवाव्यात, काम वेगळं करावं.

घरात दमा किंवा सीओपीडीचा रुग्ण असेल तर मृगाच्या आधी एकदा आणि कोजागरीच्या सुमाराला एकदा त्याला डॉक्टरांकडे न्या. पंप सोबत घ्या आणि तो कसा ओढतो हे त्यांच्यासमोर करून दाखवा. गेल्या वर्षात आराम देणारे डबे किती संपले ते मोजून सांगा. नियंत्रणाचं औषध बरं वाटतंय म्हणून स्वतःच्या मनाने बंद करू नका, आणि थंडीची लाट ओसरल्यावर पुढचे दोन आठवडे तर एक दिवसही चुकवू नका.